आंब्याला फास, वाटाण्याला सवलत



भिवंडीजवळ शेलारला आम्ही गेलो होतो ते सुताचा भाव विचारायला. आपला कापूस सूत होऊन ज्या मागांवर चढतो, ते तिथे रात्रंदिवस खडखडत असतात. परतताना एका गोदामात पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री ओढलेली दिसली. कडेने वाळूच्या लांब पिशव्या, आत अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, बाहेर कवटीची पाटी. सोबतच्या एका शेतकऱ्याने विचारले, "परदेशी जाणाऱ्या आंब्यालाही अशीच धुरी देतात काय?" दुसरा म्हणाला, "आपण कोरडवाहूवाले. आपल्याला आंब्याचे काय देणेघेणे?"

देणेघेणे आहे. आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर.

ज्वारीचा दाणा वाळला की झोपी जातो. आपल्या आज्यापणज्यांचे पेव हीसुद्धा एक धुरीच होती, फक्त विषाविना. आतली हवा संपली की किडे मरत. म्हणून तर पेवात उतरण्याआधी दिवा सोडून पाहत. फळाचे तसे नाही. तोडल्यावरही आंबा श्वास घेतो आणि पिकत राहतो. फळमाशीची अळी असते गराच्या आत. तिला मारेल इतका वायू किंवा ताप आत शिरला, तर तो फळालाही सोडत नाही. मिथिल ब्रोमाइडची मात्रा थोडी चुकली की साल करपते, वास उतरतो, फळ लवकर मऊ पडते. ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटे बुडवलेला आंबा कोवळा तोडलेला असेल तर नीट पिकत नाही. विकिरणाची मात्रा वाढली तरी गर ढिला पडतो. अळी मेली, पण टिकाऊपणा गेला, तर विकायचे काय?

हे ठरवते कोण? घेणारा. ईडीबी नावाच्या वायूची धुरी फळांना सर्रास चाले. कर्करोगाच्या भीतीने अमेरिकेने १९८४ मध्ये तिच्यावर बंदी आणली. जपानने १९८६ मध्ये आपला आंबा बंद केला, अमेरिकेने १९८९ मध्ये. जपानचे दार २००६ मध्ये उघडले ते वाफेच्या उष्णतेच्या अटीवर, अमेरिकेचे २००७ मध्ये विकिरणाच्या अटीवर. लासलगावचे केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्येच उभारले होते, तिथून पेट्या निघाल्या. पण त्यांचा निरीक्षक समोर उभा असल्याशिवाय पेटी हलत नाही, आणि त्याचा खर्च आपल्या माथी. कोरोनामुळे निरीक्षक आले नाहीत, तर २०२० आणि २०२१ हे दोन्ही हंगाम गेले. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या १५ खेपा कागदांतल्या चुकीवरून अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या. चूक त्यांच्याच अधिकाऱ्याची, असे निर्यातदारांचे म्हणणे. माल परत न्या नाहीतर नष्ट करा, असा हुकूम झाला. परतीचे भाडे कोण भरणार, आणि तोवर आंबा टिकणार कसा? नष्ट केला.

आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे. परक्या देशाने आपली बाग फळमाशीपासून जपावी, यात आम्हाला काही गैर वाटत नाही. मग आपल्या सरकारनेही आपले शिवार तसेच जपावे!

कायदा आहे. आयात होणाऱ्या कडधान्याला निघण्याच्या बंदरावरच मिथिल ब्रोमाइडची धुरी हवी, असे २००३ चा आदेश सांगतो. कॅनडा म्हणाला, आमच्याकडे थंडीत हा वायू नीट काम करत नाही. दिली सवलत. इथे उतरल्यावर धुरी द्या म्हणाले, आणि मुदतवाढीवर मुदतवाढ दिली. वर डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्यावरचे आयातशुल्कही काढले. तो वाटाणा बेसनात गेला आणि आपल्या हरभऱ्याच्या भावावर बसला. त्यांची थंडी ही अडचण ठरते, आपल्या आंब्याचा पिकण्याचा स्वभाव मात्र अडचण ठरत नाही. वाटाघाटीच्या टेबलावर आपल्या बाजूने बसणारा एकही साहेब हे बोलत नाही.

म्हणून या जिल्हा बैठकीत आम्ही दोन ठराव मांडणार आहोत. निरीक्षकाचा खर्च सरकारने उचलावा. तो निर्यातदाराकडून फिरून बागाईतदाराच्या भावातच कापला जातो. आणि आयात कडधान्याला बंदरावरची सवलत बंद व्हावी. जो नियम आपल्या फळाला, तोच त्यांच्या दाण्याला. येताना गेल्या दोन हंगामांच्या हरभरा विक्रीच्या पावत्या बरोबर आणा, आडत्याची कच्ची चिठ्ठी असली तरी चालेल.