अटकेच्या बातमीचा उगम

‘अमुक प्रकरणी तिघांना अटक, आरोपींकडून गुन्ह्याची कबुली’ अशा मथळ्याची बातमी ज्या दिवशी वृत्तपत्रात नाही, असा दिवस सहसा उगवत नाही. सकाळच्या चहाबरोबर आपण ती वाचतो, ‘बरे झाले, सापडले’ असे म्हणतो आणि पान उलटतो. ही बातमी वार्ताहराच्या हाती आली कोठून, तिच्यातला कोणता शब्द कोणाचा, हा प्रश्न सुजाण वाचकाच्याही मनात क्वचितच येतो. तो यावयास हवा. कारण गुन्हेगारीशी काडीचाही संबंध नसलेल्या घरावर याच चार ओळी एखाद्या सकाळी येऊन कोसळू शकतात.

अटकेची बातमी वृत्तपत्रापर्यंत पोहोचण्याच्या वाटा अनेक आहेत. आयुक्तालयातून किंवा अधीक्षक कार्यालयातून निघणारी प्रेसनोट ही त्यांतली राजरोस वाट. मोठ्या प्रकरणात पत्रकार परिषद होते. मागे जप्त मुद्देमाल मांडलेला आणि बुरखा घातलेले आरोपी रांगेत उभे, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. न्यायालय ही दुसरी वाट. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानुसार अटक झालेल्यास, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावेच लागते. तेथे सरकारी वकील कोठडी का हवी हे सांगतो, आरोपीचा वकील त्यास विरोध करतो, आणि न्यायालयात बसलेला वार्ताहर दोन्ही बाजू टिपून घेतो. ही सर्वांत स्वच्छ वाट होय. पण ती सर्वांत कष्टाची आणि उशिराचीही आहे. म्हणून गुन्हेवार्ताहराची खरी मदार असते ती तिसऱ्या वाटेवर. ठाणे अंमलदाराला रात्री केलेला दूरध्वनी, चहाच्या टपरीवर भेटलेला हवालदार, वर्षानुवर्षे जपलेला एखादा निरीक्षक आणि आता भ्रमणध्वनीवरील गट. वृत्तपत्रात या वाटेचे नाव ‘विश्वसनीय सूत्रे’ असे छापले जाते.

या सूत्रांचा व्यवहार एकतर्फी नसतो. ज्या अधिकाऱ्याने आज आतली माहिती दिली, त्याच्या कामगिरीचे दोन शब्द उद्या छापावे लागतात. त्याच्या ठाण्यात काही विपरीत घडले, तर लेखणी थोडी जड होते. वार्ताहर अप्रामाणिक असतो म्हणून असे होत नाही. दुसऱ्या दिवशीही त्याला त्याच दारात उभे राहावयाचे असते. परिणामी अटकेची बातमी ही घटनेची बातमी न राहता तपास अधिकाऱ्याच्या दाव्याची प्रत होऊन बसते. तिची भाषाच पाहावी : ‘मुसक्या आवळल्या’, ‘गजाआड केले’, ‘पोलिसी खाक्या दाखवताच तो पोपटासारखा बोलू लागला’. या शेवटच्या वाक्यात कोठडीतील मारहाणीची कबुलीच छापली जात आहे, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानी येत नाही आणि वाचणाऱ्याच्याही नाही!

आणि ती ‘गुन्ह्याची कबुली’? पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यातील २५ वे कलम हेच सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे २३ वे कलमही हेच सांगते. इंग्रज सरकार आपल्या प्रजेबद्दल फारसे हळवे नव्हते. तरीही ठाण्याच्या चार भिंतींआड मिळवलेल्या कबुलीवर विसंबू नये, एवढे त्यालाही समजले होते. न्यायालय ज्याला किंमत देत नाही, ते आपण मथळ्यात छापतो आणि शेजारीपाजारी त्यावर निकाल देऊन मोकळे होतात.

यात केवळ आरोपीचेच नुकसान होते असे कोणी समजू नये. गुन्हेगारास कठोर शासन व्हावे असे मनापासून वाटणाऱ्यांनी तर याचा अधिक विचार करावयास हवा. ओळखपरेडीपूर्वी आरोपीचे छायाचित्र झळकले, तर साक्षीदाराने त्याला गुन्ह्याच्या जागी पाहिले की दूरचित्रवाणीवर, हा प्रश्न बचाव पक्षाचा वकील विचारणारच. केंद्रीय गृहमंत्रालयाने १ एप्रिल २०१० रोजी सर्व राज्यांना जी सूचना पाठविली, तिच्यात हेच होते : माहिती नेमलेल्या अधिकाऱ्यानेच द्यावी, अटक झालेल्यांचे माध्यमांपुढे प्रदर्शन मांडू नये, ओळखपरेड व्हावयाची असल्यास चेहरा उघड होऊ देऊ नये. तो बुरखा येतो तो येथून. बुरखा राहिला; प्रदर्शन मांडू नये, हे मात्र विसरले गेले.

कुजबुजीतून उभ्या राहिलेल्या बातमीची किंमत देशाने एकदा मोजली आहे. १९९४ च्या ऑक्टोबरात केरळमध्ये मालदीवच्या एका महिलेला अटक झाली आणि पाहता पाहता ‘इस्रो’तील हेरगिरीच्या कथा रंगू लागल्या. ३० नोव्हेंबर १९९४ रोजी क्रायोजेनिक इंजिनाच्या प्रकल्पावर काम करणारे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना अटक झाली. पोलिसांच्या सूत्रांकडून मिळालेल्या मजकुरावर रकानेच्या रकाने भरले. शास्त्रज्ञ, विदेशी स्त्री, पैसा, गुपिते! कादंबरीला लागणारे सारे साहित्य तयारच होते. १९९६ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने आरोप निराधार असल्याचा अहवाल दिला. १४ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अटक अनावश्यक ठरवून ५० लाख रुपयांची भरपाई देवविली. २०१९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. चोवीस वर्षे! या काळात त्यांच्या कुटुंबाने काय सोसले असेल, हे ज्यांच्या घरी मुलेबाळे आणि नातीगोती आहेत त्यांना सांगावयास नको. तो मजकूर पुरविणाऱ्या ‘सूत्रां’ची नावे मात्र बातम्यांत कोठेही नव्हती.

हे मोठ्यांचे झाले. सामान्य पांढरपेशाच्या बाबतीतही असे घडते. २००७ मध्ये जमीन खरेदीसाठी बँकेतून रीतसर काढलेली ६५ लाखांची रोकड घेऊन एक संगणक अभियंता हैदराबादहून चेन्नईला विमानाने उतरला. प्राप्तिकर अधिकाऱ्यांनी त्याला विमानतळावर अडवून रक्कम ताब्यात घेतली आणि बातमी माध्यमांपर्यंत पोहोचलीही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००९ च्या निकालात न्यायालयाने चौकशी करण्यास दोष दिला नाही. परंतु तपास पुरा होण्याआधीच ‘गुन्हेगार पकडला’ असे माध्यमांना कळवून श्रेय लाटण्याच्या वृत्तीवर कोरडे ओढले.

यावर कोणी म्हणेल, मग अटकेच्या बातम्या छापूच नयेत काय? असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. गुप्त अटक काय असते हे आपल्या पिढ्यांनी अनुभवले आहे. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली आणि पुढे सेन्सॉरने स्थानबद्धांची नावे छापण्यासच बंदी घातली. कुटुंबातील कर्ता पुरुष पहाटे नेला गेला. तो येरवड्यात आहे, नाशिकला आहे की आणखी कोठे, हे घरच्यांना निरोप्यांकडून कळत असे. त्या दिवसांत एका नावाची बातमी छापून आली असती तरी किती घरांना धीर आला असता! माणूस सरकारच्या ताब्यात आहे ही गोष्ट जाहीर असणे, हेच त्याचे पहिले संरक्षण होय.

म्हणूनच कायद्याने ही माहिती जाहीर करण्याचे पुढचे दार बांधून दिले आहे. डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अटकेची आणि कोठडीच्या ठिकाणाची माहिती बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षाला कळवावी आणि ती तेथील फलकावर ठळकपणे लावावी. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने अशा फलकाची तरतूद आली. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३७ वे कलम त्याही पुढे जाते. प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक फौजदाराहून कमी नसलेल्या दर्जाचा एक नियुक्त अधिकारी असावा, अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप याची माहिती त्याने ठेवावी आणि ती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात, संगणकीय माध्यमातूनही, ठळकपणे प्रदर्शित व्हावी, असे ते कलम सांगते. प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावेत, असा आदेश २०१६ मध्येच झाला आहे; लैंगिक अत्याचार, दहशतवाद अशा प्रकरणांचा अपवाद त्यात केला आहे आणि तो योग्यच आहे.

पुढचे दार उघडे असेल, तर मागच्या दाराशी कोणी कानात काय सांगितले याचे महत्त्व आपोआप कमी होते. नाव, कलम, तारीख, ठाणे एवढे फलकावरून मिळावे. आरोप काय आणि बचाव काय हे न्यायालयातून मिळावे. बाकी उरते ते ‘पोलिसांचा दावा’, आणि ते तसेच म्हणून छापावे. १३ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या माध्यमसंवादाविषयी सविस्तर नियमपुस्तिका सिद्ध करण्यास गृहमंत्रालयाला सांगितले, तेव्हाही चिंता हीच होती. परंतु पुस्तिकेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या गावातील कार्यकर्त्यांनी, वकील मंडळींनी जवळच्या ठाण्यात जाऊन ३७ व्या कलमाचा फलक कोठे आहे आणि नियुक्त अधिकारी कोण आहे, एवढे नम्रपणे विचारावे. उत्तर न मिळाल्यास अधीक्षकांना लेखी कळवावे.

वृत्तपत्रांसाठीही एक सूचना आहे. ज्याच्या अटकेची बातमी नावानिशी छापली, त्याची नोंद कार्यालयातील वहीत ठेवावी आणि तो निर्दोष सुटल्याचे वृत्त त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापावे. जुने अंक पूर्वी रद्दीत जात आणि लोकही विसरत. आता मुलीच्या स्थळाची चौकशी करणारा किंवा नोकरी देणारा संगणकावर नाव टाकतो आणि पंधरा वर्षांपूर्वीची ती अटक क्षणात पुढे येते; सुटकेची ओळ कोणी लिहिलेलीच नसते.