ऐकणारा कोण?

गेल्या महिन्यात रात्री साडेअकरा वाजता भाच्याचा फोन आला. इतक्या उशिरा फोन वाजला की आमच्या वयाच्या माणसाच्या छातीत धस्स होते. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घरापासून दूर, वसतिगृहात. एवढ्या नावाजलेल्या संस्थेत पोचलेला आमच्या घराण्यातला पहिलाच. गेले चार महिने तो धड जेवत नव्हता, वर्गात जात नव्हता. कारण आम्हाला अर्धेमुर्धे ठाऊक होते. प्रवेश घेतला त्या आठवड्यातच कुणीतरी त्याला परीक्षेतला ‘रँक’ विचारला होता आणि तेव्हापासून तो आकडाच त्याचे टोपणनाव झाला होता. आता त्याच्या प्राध्यापकांनी त्याला समुपदेशकाकडे जायला सांगितले होते. तो म्हणाला, “मामा, तिथं जाऊन बोललो तर माझं आडनाव थोडंच बदलणार आहे?”

मी त्याला त्या रात्री उत्तर दिले नाही. “उद्या बोलू,” म्हणालो. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड असते, खाते उघडून पाहिल्याशिवाय तो शिल्लक सांगत नाही. नुसत्या बोलण्याने उपेक्षित समाजातल्या माणसाचे दुःख हलके होते का, या प्रश्नाचे खाते मी त्या रात्री उघडून बसलो. त्यातली पहिली नोंद माझ्या स्वतःच्याच नावावर होती.

साल १९८६. मी तालुक्याच्या एका शाखेत कारकून होतो. रोखीच्या काउंटरवर सगळेच नोटांची बंडले बांधत. पण माझ्या हातची बंडले तेवढी पुन्हा मोजली जात. कुणी एक शब्द बोलत नसे. ‘सरकारचे जावई’ हे मात्र बोलले जाई, तेही हसत हसत, पाठीवर थाप मारून, म्हणजे रागवायचीही सोय नाही. हळूहळू माझी झोप उडाली. पहाटे तीनला जाग यायची आणि अंधारात मी नोटा मोजत बसलेला असायचो. घरच्यांनी हातापाया पडून शहरातल्या एका समुपदेशकांकडे नेले.

गृहस्थ सज्जन होते, फीसुद्धा त्यांनी कमी घेतली. सगळे ऐकून ते म्हणाले, “चेष्टा कुठल्या कचेरीत होत नाही? तुम्ही ती मनाला लावून घेता, तिथं चुकतं.” त्यांनी मला एक वही घालायला सांगितली. डावीकडे मनात आलेला ‘अविवेकी विचार’, उजवीकडे त्याचे खंडन. मी कारकून माणूस, वही चोख ठेवली. महिनाअखेरीस ताळेबंद असा निघाला की बंडले मोजणाऱ्यांची चूक शून्य आणि माझ्या चुका एकशे सदतीस! चौथ्या भेटीनंतर मी जायचे सोडले. आधी नुसता अपमान होता. आता अपमान वाटणे हाही माझाच दोष ठरला होता.

या उपचारपद्धतीवर माझा राग नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यासारख्यांनी रुजवली आणि तिने असंख्य माणसांना सावरले. घटना आपल्याला अस्वस्थ करत नाही, तर घटनेविषयीचा आपला दृष्टिकोन करतो, हे तिचे सूत्र. पण अन्याय मुकाट्याने सोसा, असे एलिस कुठेही सांगत नाहीत. दुःख होणे, चीड येणे हे त्यांच्या मते निरोगीच. त्या दुःखाची आत्मघृणा होऊ देऊ नका, एवढे त्यांचे म्हणणे. माझ्या समुपदेशकांनी सूत्र पाठ केले होते. समोरच्या माणसाची घटना खरी आहे, एवढे मान्य करायचे मात्र ते विसरले.

आणि घटना किती खरी असते? १९१७ साली बडोद्यात, परदेशातून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना राहत्या जागेतून जातीपायी बाहेर पडावे लागले. पुढे अनेक वर्षांनी, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये त्यांनी हा प्रसंग लिहिला आणि तो आठवताना आपले डोळे आजही भरून येतात, असे नोंदवले. आता या माणसाला कुणी वही देऊन ‘अविवेकी विचार’ लिहायला सांगणार काय?

मग बोलणे व्यर्थच म्हणायचे? तसेही नाही, कारण माझ्या खात्यात दुसरी नोंद आहे. दोनेक वर्षांनी प्रकृती फारच ढासळली तेव्हा एका सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेविकेसमोर मी जाऊन बसलो. बाईंनी सल्ला असा दिलाच नाही. माझे सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारले, “बंडलं तुमच्यासमोर मोजतात की आत नेऊन?” एवढ्याशा प्रश्नाने मला रडू फुटले. ज्याचा विश्वास बसला आहे तोच असा प्रश्न विचारतो. त्या म्हणाल्या, “हा तुमच्या मनाचा खेळ नाही. हे काउंटरवर घडतंय. काउंटरवरचं काउंटरवर बघू. पण झोप तुमची आहे, ती आधी परत मिळवू.”

बंडले मोजणे थांबले ते पुढे सहा महिन्यांनी, आमच्या कर्मचारी संघटनेने लिहिलेल्या पत्रामुळे. बाईंच्या बोलण्यामुळे ते थांबले नाही. पण ते पत्र लिहा, असे संघटनेला सांगण्याइतका मी ताठ उभा राहिलो, तो त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसल्यामुळेच.

एका माणसाच्या अनुभवावरून कर्ज मंजूर होत नाही, हेही बँकेने शिकवले आहे. म्हणून थोडे आकडे. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिथे उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. स्थानिक, साध्या माणसांना त्यासाठी तयार केले होते. सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी या गटातले शंभरातले ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत हे प्रमाण ३९ होते. या बैठकांत रुग्णाचे विचार खोडून काढण्यावर भर नव्हता. बंद पडलेली कामे, भेटीगाठी पुन्हा सुरू करायला आणि समोरच्या अडचणीतून वाट काढायला तिथे मदत होत होती. अभ्यास सरकारी दवाखान्यात येणाऱ्या सामान्य माणसांचा, जातीच्या प्रश्नाचा नव्हे. पण गरिबाला बोलण्याचा उपयोग नाही, हा समज त्याने खोटा ठरवला. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत अशाच तऱ्हेने काम झाले, तेव्हा नैराश्याच्या शंभर रुग्णांतले उपचारांपर्यंत पोचणारे चारांवरून सत्तावीसवर गेले.

आता नाण्याची दुसरी बाजू. केनियाच्या ग्रामीण भागात संशोधकांनी काही कुटुंबांना रोख रक्कम दिली, काहींना पाच आठवड्यांचे समुपदेशन. वर्षभराने पाहिले तर पैसे मिळालेल्यांचे पोटही भरले होते आणि मनही सावरले होते. समुपदेशनाचा परिणाम मोजता येण्याजोगा उरला नव्हता. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया इथे रस्त्यावरच्या गुन्हेगारीत अडकलेल्या सुमारे हजार तरुणांबाबत तिसरेच दिसले. नुसते पैसे दिले, परिणाम विरून गेला. नुसते बोलणे झाले, तोही विरला. आठ आठवड्यांचे समुपदेशन आणि दोनशे डॉलर ज्यांना दोन्ही मिळाले, त्यांच्यातला फरक दहा वर्षांनीही टिकून होता.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर बोलणे हे खेळते भांडवल आहे. शेतच गहाण पडले असेल तर ते एकट्याने पुरत नाही. पण शेत सुटले आणि हातात बी-बियाण्याला पैसा नसला, तरी पेरणी होत नाही.

म्हणूनच मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. देशातल्या अग्रगण्य वैद्यकीय संस्थेत दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणारी वेगळी वागणूक थोरात समितीने २००७ सालीच अहवालात मांडली होती. जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुलाने जीवन संपवले, तेव्हा देशभर हळहळ झाली. अशा प्रत्येक घटनेनंतर समुपदेशक नेमण्याची घोषणा होते. नेमावेतच. पण तक्रारीच्या कक्षाला कुलूप आणि समुपदेशनाच्या खोलीला नवा पडदा, असे असेल तर ती खोली जखमेवर पट्टी बांधण्याऐवजी जखमीच्या तोंडावर बांधते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा जात, वर्ग, धर्म, लिंग असा कोणताही भेद न करता उपचारांचा हक्क देतो. हा हक्क दवाखान्याच्या दारापाशी संपत नाही. आतल्या खुर्चीवर बसलेल्याच्या कानापर्यंत तो पोचायला हवा. त्यासाठी समुपदेशकांच्या शिक्षणात जात हा विषय हवा आणि त्या खुर्च्यांवर आमच्या वस्त्यांतली मुले-मुलीही बसायला हवीत.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांनाही एक सांगणे आहे. “आम्ही नाही का सोसलं?” हे वाक्य आपण पोरांच्या तोंडावर फेकतो. आपण सोसले खरे, पण किती जण दारूत बुडाले, किती जणी अंगात येण्याच्या निमित्तानेच काय त्या बोलल्या, याचा हिशेब कुणी ठेवला? बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ घरच्यांपासून लपवून लिहिले. ऐकणारे कुणी नव्हते म्हणून त्या कागदाशी बोलल्या. आज निदान १४४१६ हा ‘टेलिमानस’चा फुकट क्रमांक आहे, तो दिवसरात्र चालू असतो. तो मुलांना लिहून द्या.

असो. दुसऱ्या दिवशी मी भाच्याला फोन केला. म्हणालो, “आडनाव बदलणार नाही, आणि बदलायचंही नाही. तू जा. सगळं सांग आणि ते पहिला प्रश्न कोणता विचारतात, तेवढं बघ. वसतिगृहात काय घडतं ते विचारलं, तर बस. तुझंच काय चुकतं ते विचारलं, तर उठून ये. आपण दुसरं कुणी शोधू. आणि तक्रारीचा अर्ज वेगळा, तो आपण दोघं मिळून लिहू.”

त्यानंतरच्या मंगळवारी त्या खोलीबाहेरच्या बाकावर मी पाऊण तास बसून होतो. तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते.

“काय विचारलं?”

“माझ्या खोलीत कोण कोण राहतं ते.” थोडे थांबून म्हणाला, “मामा, भूक लागलीय.”

समोरच्या गाडीवर आम्ही वडापाव घेतला. मी एक खाल्ला. त्याने दोन.