मनगटाची परीक्षा

शाळेंत मुलांची उंची मोजावी, वजन पाहावें, दोन्ही आंकडे वहींत टिपावे आणि आरोग्यपरीक्षा झाली असें समजावें, ही वहिवाट आपल्या अंगवळणीं पडली आहे. या परीक्षेनें मूल किती भरलें हें कळतें. कशानें भरलें हें कळत नाहीं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट'मध्यें स्वतःचेंच उदाहरण दिलें : उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच; परंतु मेद युडकिन यांच्या अंगीं ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगीं २१.२ टक्के !

तराजू जें लपवितो तें पंजा सांगतो. डायनामोमीटर नांवाचें लहानसें यंत्र मुठींत आवळलें कीं पकडीचें बळ किलोंत दिसतें. १७ देशांतील सुमारें १,४०,००० प्रौढांच्या, २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत पकड दर ५ किलोंनीं घटतांना मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनीं अधिक आढळला. पकड हें कारण नव्हे, एकंदर बळाची खूण होय. आणि प्रौढपणाचें भांडवल कुमारवयांतच सांठवावें लागतें.

धिप्पाड मुलाची पकड मोठी असणारच, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. म्हणूनच ती वय, उंची व वजन यांच्याशीं ताडावी, मुलामुलींचीं मानें निराळीं ठेवावीं, आणि तुलना शेजारच्या मुलाशीं नव्हे, तर त्याच मुलाच्या गतवर्षाशीं करावी.

परंतु नुसतें मापून बळ वाढत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेस क्रीडांगण आवश्यक ठरविलें. मात्र त्या हक्काची मर्यादा १४ वर्षांची. त्यापुढें, मुलग्यांची पकड झपाट्यानें वाढण्याच्या ऐन वयांत, कायदा हात सोडतो आणि शिकवणीवर्ग हात धरतो ! अंधेरी-बोरीवलींत काय, घाटकोपर-मुलुंडांत काय, मोकळी जागा दुर्मिळ, हें आम्ही जाणतों. पण मल्लखांबाच्या दोरास मैदान लागत नाहीं. एक भक्कम तुळई, खालीं गादी आणि जाणता शिक्षक पुरे. बाळंभटदादा देवधरांनीं ज्या महाराष्ट्रांत ही विद्या पुन्हां उभी केली, तेथें इतकेंही होऊं नये काय ?

महानगरपालिकेनें व शाळाचालकांनीं वर्षांतून दोनदां पकड मोजावी आणि नित्य एक तास व्यायामास द्यावा. मुलींस वगळूं नये. ज्यांच्या हातीं उद्यांचा देश सोंपवावयाचा, त्या हातांत बळ किती, हें आजच विचारलें पाहिजे.