औषधाच्या बाटलीमागे कोण उभे आहे?

सीबीडी बेलापूर म्हणजे कचेऱ्यांचे गाव. येथे कोकण भवन आहे, सिडको भवन आहे, आणि २०१४ पासून नवी मुंबई महापालिकेचे मुख्यालयही येथेच आहे. दाखला, पाणीपट्टी, घराचे हप्ते अशा कामांसाठी आपल्या माणसांनी या इमारतींचे जिने किती वेळा चढले असतील, याची मोजदाद नाही. आमच्यापैकी कितीतरी घरांतली माणसे याच इमारतींत झाडलोट करतात, पहारा देतात, चहा पोचवतात. पण एखाद्या बाईने मुलासाठी आणलेल्या खोकल्याच्या औषधाने मूल अधिकच आजारी पडले, किंवा पिशवीतले दूध भेसळीचे निघाले, तर तिने यातल्या कोणत्या दारात जायचे? हा प्रश्न विचारला तर दहांतील नऊ जण महापालिकेकडे बोट दाखवतील. ते बोट चुकीच्या दिशेला आहे. म्हणून या आठवड्यात आम्ही अन्न आणि औषध यांवर देखरेख ठेवणारे सरकारी खाते कसे रचलेले आहे, हे सांगणार आहोत.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की अमेरिकेत अन्न आणि औषध या दोहोंसाठी राष्ट्रीय पातळीवर एक मोठे खाते आहे, तसे आपल्याकडे नाही. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात अन्नातील भेसळ आणि औषधे हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आहेत. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचाही त्यांत हात आहे. दोघांचा हात असला की काम दुप्पट व्हायला हवे. पण घरात दोन सुना असल्या आणि दूध उतू गेले, तर काय होते ते माय-भगिनींना सांगायला नको!

केंद्राकडे दोन संस्था आहेत. औषधांसाठी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना आणि अन्नासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण. दोन्ही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छत्राखाली, आणि दोघींचे मुख्यालय दिल्लीच्या कोटला रोडवरील एफडीए भवनातच. औषधांच्या संघटनेचा प्रमुख म्हणजे भारताचे औषध महानियंत्रक. नव्या औषधाला देशात परवानगी द्यायची की नाही, माणसांवर औषधाच्या चाचण्या कशा करायच्या, परदेशातून कोणते औषध येऊ द्यायचे, हे त्यांच्या कचेरीत ठरते. आपल्या जवळच्या न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या औषधांवर याच संघटनेची माणसे नजर ठेवतात. लस, सलाइन आणि रक्तपेढी यांच्या परवान्यावर राज्याबरोबर केंद्राचीही मंजुरी लागते. औषधे तपासायला कोलकाता, मुंबई, चेन्नई अशा ठिकाणी केंद्राच्या प्रयोगशाळा आहेत, आणि लसींसाठी हिमाचल प्रदेशात कसौली येथे.

औषधांचा कायदा १९४० सालचा, ब्रिटिश अमदानीतला. अन्नाचा जुना भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ सालचा होता. तो जाऊन अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून देशभर अमलात आला.

आता राज्याकडे वळू, कारण आपला रोजचा संबंध येथेच येतो. औषध बनविण्याचा कारखाना असो की कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान असो, त्याला परवाना देते ते राज्य सरकार. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन करते. त्याचे आयुक्त मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात बसतात. त्यांच्या हाताखाली औषधे आणि अन्न अशा दोन फांद्या आहेत. औषधांच्या फांदीवर सह आयुक्त, मग सहायक आयुक्त आणि सर्वांत खाली औषध निरीक्षक. अन्नाच्या फांदीवर तसेच अधिकारी, आणि खाली अन्न सुरक्षा अधिकारी. दुकानात शिरून नमुना घेणारा माणूस तो हाच. छोट्या खाद्यविक्रेत्याला नोंदणी लागते, मोठ्याला राज्याचा परवाना आणि फारच मोठ्याला केंद्राचा. पाकिटावर दिसणारा १४ आकडी क्रमांक तो या नोंदणीचा किंवा परवान्याचा असतो.

बेलापूर ठाणे जिल्ह्यात येते. म्हणून येथल्या दुकानाविषयीची तक्रार ठाण्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयाकडे जाते. पनवेल-ठाणे लोकल बेलापूरवरूनच जाते. पण लोकलने उलट दिशेला पुढच्या खारघर स्टेशनावर उतरलात, की रायगड जिल्हा लागतो आणि कार्यालय पेणचे होते. एका स्टेशनाच्या अंतराने दार बदलते, हे माहीत नसले म्हणजे गरीब माणसाचा एक दिवसाचा खाडा आणि गाडीभाडे फुकट जाते.

कोणी म्हणेल, ही सगळी साहेबांची उतरंड आम्हांला कशाला? तर त्यासाठी १९८६ साल आठवावे लागेल. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना उपचार म्हणून ग्लिसरीन पाजले होते. ते औषधी प्रतीचे नव्हतेच. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे विषारी रसायन होते, आणि त्याने रुग्णांचे मूत्रपिंड निकामी झाले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि पुरवठादारापासून रुग्णालय, औषध प्रशासन आणि मंत्रालयापर्यंत प्रत्येक पायरीवर बोट ठेवले. कोणी खरेदी केली, कोणी तपासले, कोणी सही केली, असे विचारत गेले की जो तो दुसऱ्याचे नाव सांगतो. आणि मेलेला माणूस मात्र सरकारी दवाखान्याच्या भरवशावर आलेला असतो.

याला चाळीस वर्षे होत आली तेव्हा, २०२५ साली, पुन्हा तेच विष लहान मुलांच्या पोटात गेले. मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात कोल्ड्रिफ नावाचे खोकल्याचे औषध पिऊन वीसहून अधिक मुले दगावली. कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले होते. तामिळनाडूच्या तपासणीत त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघाले. प्रमाणाप्रमाणे ते ०.१ टक्क्याहून जास्त असता कामा नये. आता रचना पाहा. कारखान्याला परवाना तामिळनाडूचा, मुले मध्य प्रदेशातली, उपचार महाराष्ट्रात आणि देशभरची देखरेख दिल्लीची. औषधाची बाटली राज्याची सीमा एका रात्रीत ओलांडते. निरीक्षकाचा अधिकार मात्र सीमेवर थांबतो, आणि एका राज्याचे पत्र दुसऱ्या राज्यात पोचेपर्यंत बाटल्या विकल्या जातात. दोष एकट्या कारखान्याचा नसतो. दोन खात्यांच्या मध्ये जी फट राहते, त्या फटीतून विष येते.

त्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने सर्वांना सूचना दिली. दोन वर्षांच्या आतील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांच्या आतील मुलांना सहसा देऊ नयेत. ही गोष्ट प्रत्येक आईने आणि आजीने पक्की ध्यानात ठेवावी. शेजारणीच्या मुलाला गुण आला म्हणून उरलेली बाटली मागून आणू नये. दुकानदाराच्या तोंडी सल्ल्यावरही लहान मुलाला औषध पाजू नये.

मग आपण काय करावे? तर साखळीचे शेवटचे टोक आपल्या हातात आहे, ते सोडू नये. ते टोक म्हणजे बिल. दोन-पाच रुपये कमी होतात म्हणून बिल न घेता औषध आणले, तर उद्या ते त्या दुकानातून आले होते हे सिद्ध करणार कसे? बिलावर बॅच नंबर, मुदत आणि दुकानाचा परवाना क्रमांक असतो. बाटली किंवा गोळ्यांचे पाकीट औषध संपेपर्यंत टाकू नये, आणि गोळ्या कापून घेताना बॅच नंबर व तारीख असलेला तुकडा मागून घ्यावा.

संशय आला तर उरलेले औषध तसेच बंद करून ठेवावे आणि मूल आजारी असल्यास आधी डॉक्टर गाठावा. त्यानंतर तक्रार करावी. महाराष्ट्र अन्न व औषध प्रशासनाचा फुकटचा दूरध्वनी १८००-२२२-३६५ हा आहे. फोनवर न थांबता लेखी अर्ज द्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यावी. बिल आणि वेष्टन यांच्या झेरॉक्स प्रती जोडाव्यात, मूळ कागद स्वतःकडे ठेवावेत.

आणखी एक हक्क फार थोड्यांना माहीत आहे. औषध कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोणीही साधा ग्राहक आपण विकत घेतलेले औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि त्याचा अहवाल मागू शकतो. अन्न कायद्याच्या कलम ४० मध्येही अशीच सोय आहे. मात्र तेथे खरेदी करतानाच दुकानदाराला, मी हे तपासायला देणार आहे, असे सांगावे लागते. माल प्रमाणाप्रमाणे नाही असा अहवाल आला, तर भरलेली फी परत मिळते. एकट्याला जड वाटत असेल तर मंडळाच्या, बचत गटाच्या चार जणींनी मिळून खर्च उचलावा. तक्रारीचे पुढे काय झाले हे कळत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारता येते.

साहेबांची उतरंड कितीही उंच असली तरी तिचा खालचा माठ आपल्या दारात आहे. कायदा कागदावर आहे, निरीक्षक ठाण्याला आहे, पण औषधाचा घोट आपल्या लेकराच्या तोंडात आपणच घालतो. म्हणून आजपासून घरात एक डबा करावा आणि त्यात औषधांची बिले ठेवावीत. घरात कोणी शाळेत जाणारे मूल असेल, तर त्याच्याकडून प्रत्येक बाटलीवरील बॅच नंबर आणि मुदत मोठ्याने वाचून घ्यावी. शिक्षणाचा एवढा उपयोग तर घरात व्हायलाच हवा.