तोंडी परीक्षेचे वीस गुण

शहापूर तालुक्यातील डोळखांबसारख्या गावातून पदवीपर्यंत पोहोचलेल्या तरुणाला नोकरीच्या दाराशी तीन उंबरठे ओलांडावे लागतात: संगणकावरील चाचणी, गटचर्चा आणि मुलाखत. पहिला उंबरठा सरावाने ओलांडता येतो. शेकडेवारी, काळ-काम-वेगाची गणिते किंवा तर्काची कोडी जुन्या पुस्तकावरूनही एकट्याला सोडविता येतात. बोलणे मात्र एकट्याने शिकता येत नाही. आठ-दहा अनोळखी स्पर्धकांत आपला मुद्दा मांडणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे व ते न दुखावता खोडून काढणे यांसाठी समोर माणसे लागतात.

शहरांनी यावर शिकवणीवर्गांचा तोडगा काढला आहे. डोळखांबहून एस.टी.ने शहापूर, तेथून आसनगाव आणि पुढे लोकलने कल्याण-ठाणे गाठणाऱ्या मुलाला तो वेळेच्या व पैशाच्या दृष्टीने परवडणारा नाही. शिवाय पंधरा दिवसांत पाठ केलेली इंग्रजी वाक्ये पहिल्याच उलट प्रश्नासरशी उघडी पडतात.

दुखण्याचे मूळ शाळेत आहे. या भागातील ठाकर, कातकरी मुलांची घरची बोली एक, शाळेची मराठी दुसरी आणि मुलाखतीची इंग्रजी तिसरी. बोलू लागताच ज्याच्या उच्चारांना वर्ग हसतो, तो मुलगा लवकरच गप्प बसण्यात शहाणपण मानू लागतो. पुढे त्याच मौनाला ‘आत्मविश्वासाचा अभाव’ असे नाव देऊन त्याला परत पाठविले जाते.

वस्तुतः हे मौन मोडण्याची सोय आपल्याकडे आहे. दहावीच्या भाषा विषयांत तोंडी परीक्षेला वीस गुण असतात. राज्य मंडळाने ते काढून टाकले, अभ्यासक्रमही बदलला आणि निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली व पुढील वर्षापासून ते गुण परत मिळाले. परंतु त्या साऱ्या वादात चर्चा झाली ती टक्केवारीची. मुले बोलायला शिकतात की नाही, हा प्रश्न बाजूलाच राहिला. जेथे हे गुण खिरापतीसारखे वाटले जातात, तेथे शाळा मुलांवर उपकार करीत नसून त्यांची फसवणूक करीत आहे.

आठवीपासून दर आठवड्याला एक तास मराठीतून चर्चेसाठी राखून ठेवावा. भातशाचे पाणी, गावचा रस्ता, वनजमिनीचे दावे असे कितीतरी विषय येथे आहेत. इंग्रजी शिकावीच लागेल. पण स्वतःच्या भाषेत ज्याने कधी वाद घातला नाही, तो परक्या भाषेत काय घालणार?

कंपन्यांनीही आपली फूटपट्टी तपासावयास हवी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने अधिकारी निवडताना वापरलेली गटचर्चेची पद्धत आज साध्या संगणकीय कामासाठीही लावली जाते. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेने मात्र प्रवेशासाठी गटचर्चा सोडून लेखनचाचणी स्वीकारली. सनदी सेवेच्या उमेदवारालाही मराठीतून मुलाखत देण्याची मुभा आहे. देशाचा कारभार पाहणाऱ्यास जी सवलत चालते, ती पहिल्या नोकरीच्या उमेदवारास का नाकारावी? निवड गुणांची व्हावयाची असेल, तर आवाज आणि गुण यांतील फरक ओळखावाच लागेल.