पत्रकारांच्या शिबिराचा खर्च कोणी करावा?

पत्रकारांसाठी कार्यशाळा भरविणे हे वरवर पाहता निरुपद्रवी, किंबहुना स्तुत्य कार्य आहे. बातमीची शहानिशा कशी करावी, अर्थसंकल्पातील आकडे कसे वाचावेत, हे कोणी शिकवीत असेल तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. सभागृहाचे भाडे, वक्त्यांचे मानधन आणि शिबिरार्थींचा प्रवासखर्च कोण देतो आणि कशासाठी देतो?

जून २०१८ मध्ये गूगल या अमेरिकन कंपनीने भारतातील आठ हजार पत्रकारांना एका वर्षात प्रशिक्षण देण्याची योजना जाहीर केली. इंग्रजीखेरीज निवडलेल्या सहा भारतीय भाषांत मराठीही होती. प्रथम दोनशे पत्रकारांना पाच दिवसांच्या शिबिरांत प्रशिक्षक म्हणून तयार करावयाचे आणि त्यांनी पुढे इतरांना शिकवावयाचे, अशी तिची आखणी होती. विषय होता खोट्या बातम्या ओळखण्याचा. तो निरर्थक होता असे कोणीही प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. त्यानंतर काही दिवसांतच, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या जमातीतील पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. अफवेची शहानिशा करणारा वार्ताहर किती मोलाचा आहे, हे सांगावयास याहून भयंकर पुरावा नको.

पण जी कंपनी शिबिराचा खर्च करते, तिच्याच व्यवहाराची शहानिशा त्या शिबिरात होत नाही. वृत्तपत्रांच्या मजकुरावर मिळणाऱ्या जाहिरात-उत्पन्नाची वाटणी गूगल आपल्या मर्जीने ठरविते, अशी तक्रार डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेने केली आणि जानेवारी २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशीचा आदेश दिला. म्हणजे वृत्तपत्रांच्या मालकांनाही जी मक्तेदारी असह्य झाली, तिच्याच दातृत्वावर त्यांच्या नोकरांचे शिक्षण चालावयाचे! एका हाताने घ्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्यातील चिमूटभर दान करावयाचे, ही भांडवलाची जुनीच रीत आहे. वृत्तपत्रांच्या साखळीचे धनी रॉय थॉमसन यांनी १९६२ मध्ये नवस्वतंत्र देशांतील पत्रकारांना शिकविण्यासाठी प्रतिष्ठान स्थापन केले, तेव्हापासून तरी ती जगाच्या परिचयाची आहे.

सरकारी पैशाची कथाही सरळ नाही. जुलै १९७६ मध्ये नवी दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली आणि साम्राज्यवादी वृत्तसंस्थांच्या एकाधिकाराला उत्तर म्हणून या राष्ट्रांच्या वृत्तसंस्थांचा समूह उभा करण्यास तिने चालना दिली. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेत या राष्ट्रांच्या पत्रकारांसाठी वृत्तसंस्था-पत्रकारितेचा अभ्यासक्रम चालू झाला. हे कार्य ऐतिहासिक महत्त्वाचे होते. तथापि ती परिषद भरली तेव्हा त्याच दिल्लीत आणीबाणी होती आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला होता, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. समाजवादी देशांचा अनुभवही तपासावयास हवा. १९४६ मध्ये कोपनहेगन येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पत्रकार संघटनेचे मुख्यालय प्रागला होते. तिच्या शाळांतून आशिया-आफ्रिकेतील असंख्य पत्रकार विनाशुल्क शिकून गेले. १९८९ नंतर ती राज्ये कोसळली आणि त्यांच्या आधारावर उभ्या असलेल्या शाळाही गेल्या. शिकणाऱ्यांनी स्वतः उभारलेले असे मागे फार थोडे उरले.

आणि अमेरिकन सरकारच्या दानाचे काय झाले? २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी सही केली आणि परदेशी मदत गोठविली गेली. त्या वर्षी ‘स्वतंत्र माध्यमां’साठी राखलेले सुमारे २७ कोटी डॉलर त्यात अडकले. एका सहीने जे थांबते, त्याला स्वातंत्र्य म्हणावयाचे काय?

शिबिरातून परतलेला पत्रकार कोणत्या परिस्थितीत काम करतो, हा तर प्रश्नाचा गाभाच. तालुक्याच्या गावचा वार्ताहर बहुधा पगारी नोकर नसतो. त्याने मिळविलेल्या जाहिरातींवरील दलाली हाच त्याचा मेहनताना. ज्या साखर कारखान्याची जाहिरात आणावयाची, त्याच कारखान्याने थकविलेल्या उसाच्या बिलाची बातमी त्याने लिहावयाची. त्याला शहानिशेची पन्नास तंत्रे शिकविली तरी तो ती बातमी कोठे छापणार? मजीठिया वेतन मंडळाच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या वैध ठरविल्या आणि कंत्राटी पत्रकारही त्यांस पात्र आहेत असे २०१७ मध्ये स्पष्ट केले. मालकांनी त्यांची अंमलबजावणी टाळली. २०२० च्या टाळेबंदीत पत्रकारांची कपात झाली, वेतने छाटली गेली. दाद मागण्यासाठी पत्रकार संघटनांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. दीर्घ लढ्यातून मिळालेला १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा तर नव्या श्रमसंहितांनी गिळला असून २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या आहेत.

केरळने १९७९ मध्ये वेगळी वाट धरली. राज्य सरकार, पत्रकारांची संघटना आणि वृत्तपत्रमालक यांच्या सहभागाने तेथे प्रेस अकादमी उभी राहिली; कोचीजवळ काक्कनाड येथील ही संस्था पुढे मीडिया अकादमी या नावाने ओळखली जाऊ लागली. मालकांशी सहकार्य म्हटले की शंका येणारच, आणि ती यावी. परंतु पैसा सार्वजनिक आहे, आणि संघटनेला तेथे पाहुणी म्हणून नव्हे तर हक्काने जागा आहे. महाराष्ट्र सरकारकडे मागणी करावयाची ती याच धर्तीवर: विधिमंडळाने मंजूर केलेला निधी, अभ्यासक्रम ठरविणाऱ्या मंडळात श्रमिक पत्रकारांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींचे बहुमत, आणि तालुका वार्ताहरांना प्रवासखर्चासह बुडालेल्या दिवसांची भरपाई.

सरकार हे आपण होऊन देणार नाही. तोवर कामगार संघटनांच्या कचेऱ्यांतील सभागृहे रिकामी राहू नयेत. जिल्ह्यातील वीस वार्ताहरांना दोन दिवस एकत्र बसवून ऊसबिलाचा हिशेब, रोजगार हमीचे हजेरीपट आणि कारखान्याचा ताळेबंद कसा वाचावा हे शिकविण्यास कोणत्याही परदेशी कंपनीची आवश्यकता नाही. हिशेब जाणणारे कार्यकर्ते किसान सभेत आहेत, ताळेबंद वाचणारे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेत आहेत. जेवणाचा आणि एस.टी.च्या भाड्याचा खर्च वर्गणीतून उभा करावा लागेल, आणि त्या खर्चाचा तक्ता शिबिराच्या पहिल्याच दिवशी भिंतीवर लावावा.