लेकराच्या अंगावर निळे डाग



पन्हाळ्याच्या एका वस्तीत आम्हाला एक आई भेटली. लेकराच्या अंगावर निळे डाग, प्लेटलेट पेशी कमी. शेजारणीचे ऐकून तिने अंडी-शेंगदाणे बंद केले होते. अन्नाच्या अ‍ॅलर्जीने अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, दम लागतो. पेशी घटल्याची उदाहरणे अगदी क्वचित. मुलांच्या पेशी बहुधा विषाणूच्या तापानंतर किंवा डेंग्यूत घटतात. दीड लाखाखाली गेल्या तर डॉक्टरांना दाखवा, अ‍ॅस्पिरिन देऊ नका. नाकातले रक्त थांबेना तर ताबडतोब सरकारी दवाखाना गाठा. काय खायचे बंद करायचे, ते डॉक्टरांना ठरवू द्या. ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी, हीच तथागतांची शिकवण. अफवेपायी लेकराच्या ताटातले अंडे काढू नका.